पाळण्याची दोरी, पायाचा अंगठा आणि रात्रीचे पावणेतीन

पुनव | ३ जून, रात्री २:४८

आडवी पडून टंकते आहे, शुद्धलेखन सांभाळून घ्या. माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याला सुती दोरी बांधलेली आहे आणि तिचं दुसरं टोक झोळीला. पाय हलवला की झोळी हलते, झोळी हलली की चिरंजीव गप्प. मला डुलकी लागून पाय थांबला की दहाव्या मिनिटाला भोंगा. ही युक्ती साबांची (सासूबाईंची). त्यांनी नवऱ्याला असंच वाढवलं म्हणे.

लेक १० महिन्यांचा. झोळी म्हणजे साबांचं जुनं नऊवारी, वर स्प्रिंग, पंख्याशेजारच्या हुकाला टांगलेलं. झोपवायला ४० मिनिटं झोका, मधेच अंगावर पाजणं, पुन्हा झोका. झोपतो सव्वादहाला. मग साडेअकरा, पाऊण, दोन, पावणेतीन (आत्ता), चार, साडेपाच. दर वेळी झोका किंवा दूध. वजन, कान, रक्त सगळं तपासून झालंय, सगळं नीट आहे.

२६ आठवड्यांची रजा संपून मला कामावर जाऊन चार महिने झाले. नवरा चाकणला, दुसरी पाळी असली की साडेबाराला घरी येतो. परवा ऑफिसात मी छपाईयंत्रासमोर उभी राहून कागद यायची वाट बघत होते आणि एकीकडे डोलत होते. शेजारचा म्हणाला, मॅडम, बाळ घरी आहे.

इंटरनेटवर सगळं 'वेगळी खोली, वेगळा पलंग, रडू द्या'. आमचा एक बेडरूमचा फ्लॅट आहे आणि भिंतीपलीकडे परीक्षेला बसलेला मुलगा. आपल्यासारख्या घरात कुणी मुलाला स्वतःचं स्वतः झोपायला शिकवलंय का? कसं?

कांदेपोहे | ३ जून, रात्री ३:०५

उपाय नाही, फक्त सोबत. माझी १४ महिन्यांची, मीही जागी. दोरीची युक्ती उद्याच करणार.

पुनव | ३ जून, रात्री ३:०७

नको गं बाई, करू नकोस!

न्यूजर्सीकरीण | ३ जून, पहाटे ५:२०

आम्ही फर्बरांची पद्धत केली, मुलगी साडेसहा महिन्यांची असताना. डॉ. रिचर्ड फर्बर म्हणजे बॉस्टनचे बालझोपतज्ज्ञ, १९८५ पासून या पद्धतीला त्यांचं नाव चिकटलंय. लोक समजतात की पोराला कोंडून घालायचं. तसं नाही. जागं असताना पाळण्यात ठेवायचं, खोलीबाहेर पडायचं, रडलं तर ३ मिनिटांनी जाऊन 'मी आहे' एवढं सांगून बाहेर, मग ५, मग १०. दुसऱ्या दिवशी ५ पासून सुरुवात. उचलायचं नाही.

पहिल्या रात्री मी बाथरूममध्ये नळ सोडून बसले होते, कारण ते ऐकवत नव्हतं. नवरा घड्याळ घेऊन दाराशी. ४८ मिनिटं रडली. चौथ्या रात्री ६ मिनिटं. आज तीन वर्षांची आहे, स्वतः 'दिवा बंद कर' म्हणते.

पण खरं सांगू का, आमच्याकडे दुसरा पर्यायच नव्हता. आई सहा महिन्यांचा व्हिसा संपवून परत गेली होती आणि मी रोज तासभर गाडी चालवत होते. एकदा सिग्नलला डोळा लागला. त्या संध्याकाळी ठरवलं.

स्पष्टवक्ता | ३ जून, सकाळी ९:१०

हल्लीच्या आयांना मूल हवं पण मुलाचं काही करायला नको. आपल्या संस्कृतीत मूल आईच्या कुशीत झोपतं. पाश्चात्त्यांचं अनुकरण करून काय मिळवता?

चहाबाज | ३ जून, सकाळी ९:२६

तुमच्याकडे रात्री अडीचला कोण उठायचं हो, स्पष्टवक्ते? आकडा द्या, मग संस्कृतीवर बोलू.

बालरोगवाला | ३ जून, दुपारी २:१५

ओपीडी संपली, जरा सविस्तर लिहितो. हा सर्वसाधारण सल्ला आहे, तुमच्या बाळाचे डॉक्टर ते वेगळे.

मोठी माणसंही रात्री पाच-सहा वेळा अर्धवट जागी होतात, कूस बदलतात, सकाळी आठवत नाही. बाळाचं झोपेचं चक्र आणखी छोटं, साधारण ५० ते ६० मिनिटांचं. दर चक्राच्या शेवटी ते वर येतं आणि बघतं, झोपताना जे होतं ते आत्ता आहे का? झोपताना झोका होता, आता जग स्थिर आहे. तोंडात दूध होतं, आता नाही. म्हणजे काहीतरी गडबड आहे, चला, हाका मारू. तुमच्या वेळा बघा, साडेअकरा, पाऊण, दोन. भुकेचं वेळापत्रक इतकं नेटकं नसतं. वजन नीट असलेल्या १० महिन्यांच्या बाळाला रात्री सहा वेळा भूक लागत नाही. एकदा, फार तर दोनदा पाजा, खुशाल पाजा. बाकीच्या वेळी ते झोका मागतंय.

म्हणून सगळी मेख रात्रीच्या पहिल्या झोपेत आहे. डोळे जड झालेत पण मिटलेले नाहीत, अशा वेळी त्याला त्या जागी टेकवा जिथे ते रात्रभर असणार आहे. ही एक गोष्ट जमली की मधे मधे जाग येणं बऱ्याचदा आपोआप कमी होतं. मध्यरात्री शिकवायला जाऊ नका, तेव्हा तुमच्यात आणि त्याच्यात दोघांतही त्राण नसतं.

चार महिन्यांच्या आत यातलं काही करू नका. त्या वयात रात्र-दिवस नुकते कुठे कळायला लागलेले असतात.

रडण्याबद्दल: ऑस्ट्रेलियात ३२६ मुलांचा एक अभ्यास झाला. सात महिन्यांची असताना ज्यांच्या झोपेची तक्रार होती अशी ती मुलं. काहींच्या आयांना या टप्प्याटप्प्याच्या पद्धती शिकवल्या, काहींना नाही, आणि सहा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासलं. निष्कर्ष २०१२ मध्ये छापून आले. मुलांच्या मनावर, वागण्यावर, आईशी असलेल्या नात्यावर कसलाही वाईट परिणाम दिसला नाही. मात्र सहाव्या वर्षी फायदाही उरला नव्हता, न शिकवलेली मुलंही तोवर तशीच झोपत होती. म्हणजे करायचं ते आजच्या घरासाठी, आजच्या आईसाठी. केलं नाही तर मूल बिघडतं असंही नाही.

आता झोळी. लहान बाळाची हनुवटी झोळीत छातीला टेकते, श्वासाची वाट दबते, आणि मान सावरायची ताकद त्याच्यात नसते. अमेरिकेत २०२२ मध्ये कायदा करून १० अंशांहून जास्त उतार असलेले बाळ-बिछाने विकायला बंदी घातली, ती याच कारणासाठी. १० महिन्यांच्या बाळाचा धोका वेगळा. ते धरून उभं राहतं. स्प्रिंगच्या झोळीत उभं राहिलेलं बाळ आणि खाली फरशी, एवढंच सांगतो.

पुनव | ३ जून, दुपारी २:५०

डॉक्टर, परवाच तो झोळीत उभा राहिला होता. साबांना कौतुक वाटलं, फोटो काढून नणंदेला पाठवला.

खमंग | ३ जून, दुपारी ४:०२

गुटीत जायफळाचे दोन वेढे जास्त द्या, माझ्या आजीचा हमखास उपाय. शिवाय मोहरीची उशी.

बालरोगवाला | ३ जून, रात्री ९:४०

जायफळ नको. गुंगी येते ती त्यात गुंगी आणणारं द्रव्य असतं म्हणून, आणि उगाळून दिलेल्याला माप नसतं. सर्दीचं औषधही झोपेसाठी नको (होय, देतात). पहिल्या सहा महिन्यांत आईच्या दुधाशिवाय काहीच नको, गुटीसुद्धा नाही, आणि मध वर्षभर नाही.

उशी वर्षाच्या आत कुठलीच नको. मोहरीचीही नाही. बाळ पाठीवर, सपाट घट्ट गादीवर, आजूबाजूला लोड-तक्के-दुलई काही नाही. पाठीवर झोपवण्याची मोहीम अमेरिकेत १९९४ मध्ये सुरू झाली आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या तिथे निम्म्याहून खाली आली. तिथले बालरोगतज्ज्ञ सांगतात, पहिले सहा महिने तरी बाळ आईबापांच्याच खोलीत, पण स्वतःच्या बिछान्यावर. स्पष्टवक्त्यांनी 'त्याच खोलीत' हे दोनदा वाचावं.

आपल्याकडे गाद्या जमिनीवर असतात. त्याला लागून बाळाची वेगळी छोटी गादी, भिंतीपासून लांब, कारण फटीत बाळ अडकतं. घरात कुणी विडी-सिगरेट ओढणारं, दारू घेतलेलं किंवा झोपेची गोळी घेणारं असेल तर एका अंथरुणावर अजिबात नको. आणि सोफ्यावर बाळाला छातीशी घेऊन झोपणं सगळ्यात वाईट.

आत्याबाई | ४ जून, सकाळी ६:३०

मी सत्तरीची, मुलगी हे टंकून देते. झोळीची बाजू घ्यायला आले होते पण डॉक्टरांचं वाचून आठवायला बसले. आमच्या घरी सांगलीकडे झोळी असायची ती दिवसाची. आई चुलीपाशी, खाली ओल, मुंग्या, विंचवाचं भय, म्हणून पोर तुळईला टांगायचं. दोरी ओढायचं काम मोठ्या भावंडाचं, म्हणजे माझं. रात्री कुणी झोळीत घालत नसे. रात्री पोर आईच्या शेजारी अंथरुणावर. आई दोन थापट्या मारायची आणि आईच आधी झोपायची, इतकी दमलेली असायची. पोर बघायचं, ही झोपली, मग तेही झोपायचं.

पायाला दोरी बांधून रात्रभर हलवणं मी तरी तेव्हा पाहिलं नाही.

ओसरी | ४ जून, दुपारी ३:२०

मी पाळणाघर चालवते, १६ वर्षं झाली. सध्या अकरा मुलं, मी आणि एक मावशी. दुपारी एक वाजता अकराच्या अकरा झोपलेली असतात. झोळी नाही, पाळणा नाही. आया संध्याकाळी विचारतात, काय करता हो तुम्ही? मी म्हणते, हात चारच आहेत, त्यामुळे काही करताच येत नाही.

खरं तर करतो ते रोज तेच आणि त्याच क्रमाने. पावणेबाराला वरण-भात. हातपाय-तोंड धुणं, कपडे सैल करणं. पडदे. पंखा दोनवर. सतरंज्या नेहमीच्या जागी, प्रत्येकाची जागा ठरलेली. एकीला तिच्या आईची ओढणी लागते, एकाला रुमालाचं टोक. मग मी मधे बसते आणि गहू निवडते. गहू निवडणं महत्त्वाचं, हसू नका. मोबाइल बघत बसलं की त्यांना उजेड दिसतो, त्यांच्याकडे बघत बसलं की खेळ सुरू होतो. ताई आपल्या कामात आहे, कुठे जात नाही, आणि आपल्यात तिला काही रस नाही, हे कळलं की डोळे मिटतात.

नवीन मूल पहिले तीन-चार दिवस रडतं. मी शेजारी बसते, पाठीवर हात ठेवते, उचलत नाही. पाचव्या दिवसापर्यंत बहुतेक रुळतात. दोन मुलांना तीन आठवडे लागले, तीही आठवणीत आहेत. एकाला आम्ही थांबवलं, पुन्हा चार महिन्यांनी आला तेव्हा पहिल्याच दिवशी झोपला.

पुनव | ४ जून, दुपारी ३:४४

ताई, गहू निवडण्यावर तुम्हाला साष्टांग.

साबा ८ तारखेला नणंदेकडे कराडला जात आहेत, दोन आठवडे. आई येईल दिवसा सांभाळायला. त्याच वेळात करते. पद्धत ओसरीताईंची, खोलीबाहेर पडणं मला जमणार नाही आणि आमच्याकडे पडायला बाहेर म्हणून फक्त स्वयंपाकघर आहे.

बालरोगवाला | ४ जून, रात्री १०:०५

एक विचारायचं राहिलं. संध्याकाळची झोप किती वाजता?

पुनव | ४ जून, रात्री १०:११

साडेसहा ते पावणेआठ. मी घरी येते तेव्हा झोपलेला असतो, त्यातच स्वयंपाक उरकते.

बालरोगवाला | ४ जून, रात्री १०:१५

सापडलं. पावणेआठला उठलेलं मूल दहाच्या आत कसं झोपेल? या वयाला २४ तासांत १२ ते १६ तास झोप, दुपारच्या झोपा धरून. ती संध्याकाळची झोप आधी काढा, दुपारची दुसरी झोप चारच्या आत संपवा. तीन-चार दिवस सातलाच पेंगेल, किरकिर करेल, स्वयंपाकाचे हाल होतील. झोळी सोडवण्याआधी हे करा.

पुनव | १३ जून, रात्री ११:३०

सविस्तर अहवाल. संध्याकाळची झोप साबा जायच्या आधीच काढली, स्वयंपाकाचे हाल झालेच. तीन दिवस खिचडी.

८ तारखेला झोळी हुकावरून काढली, धुतली, माळ्यावर टाकली. साडेसातला अंघोळ, मऊ भात, मग हॉलमध्ये, दिवा चालू ठेवून पाजलं, म्हणजे दूध आणि झोप यांची फारकत. आठ वाजता खोलीत. त्याची गादी माझ्या गादीला लागून. मी शेजारी बसून मटार सोलले. (गहू नव्हते. जूनमध्ये मटारही महाग पडले.)

पहिला दिवस: ५५ मिनिटं रडणं. तो गादीवरून उठून माझ्या मांडीवर येतो, मी परत आडवा करते, थोपटते, तो परत येतो. मोजलं नाही पण तीस वेळा तरी. त्या हुकाकडे बोट दाखवून रडत होता, हे मात्र माझ्याच्याने बघवलं नाही, मीही रडले. भिंतीपलीकडच्या मुलाच्या आईने मेसेज केला, 'सगळं ठीक ना?' मी सगळं लिहून पाठवलं तर म्हणाली, होऊ दे, माझा मुलगा हेडफोन लावतो.

दुसरा दिवस: १ तास १० मिनिटं. मी नवऱ्याला म्हटलं, बंद करू. तो म्हणाला, आता झोळी परत बांधली तर पोराला एवढंच कळेल की तासभर रडलं की मिळते.

तिसरा: २० मिनिटं. चौथा: ३५. पाचवा: मी थोपटणं थांबवून नुसता हात पोटावर ठेवला, १५ मिनिटं. त्याने माझी करंगळी धरली, सोडली, नखाने गादीचं शिवणीचं टोक खरवडत राहिला, खर्र खर्र, मधे थांबायचा, परत खर्र, आणि मग तो आवाज यायचाच थांबला. मी मटाराची शेंग हातात तशीच धरून बसले होते, मोडली तर आवाज होईल म्हणून.

रात्री आता तीनदा उठतो. त्यातलं एकदा पाजते, चारच्या सुमारास.

चहाबाज | १४ जून, सकाळी ८:५०

शाब्बास. आमचं थोडं वेगळं, बापांसाठी लिहून ठेवतो. लेक आईला बघितलं की दूध मागायची, वासच येतो म्हणे. म्हणून रात्रीचं निजवणं माझ्याकडे आलं. मला एकही अंगाई येत नाही. मी डोंबिवलीकर, मला येतात ती स्टेशनं. एका सुरात, हळू: डोंबिवली, कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा, ठाणे, मुलुंड, नाहूर, भांडुप, कांजूरमार्ग... पहिल्या आठवड्यात सीएसएमटीला पोचून परत फिरायचो. हल्ली घाटकोपरच्या पुढे गाडी जात नाही. बायको म्हणते, हिला उद्या लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर मुलुंडला झोपेल.

आणि महत्त्वाचं, पहिले चार दिवस बायकोला मी खाली चालायला पाठवायचो. ती घरात असली की दार उघडायची.

कांदेपोहे | १४ जून, सकाळी ११:१८

आमच्याकडे जमलं नाही. आठ दिवस केलं, रोज दीड तास, एकदा रडून रडून उलटी. शेवटी तपासणीत लोह कमी निघालं, डॉक्टर म्हणाले पाय अस्वस्थ राहतात त्याने, आधी औषध. आत्ता कुशीत घेऊन झोपते आहे आणि मला त्याचं वाईटही वाटत नाहीये.

बालरोगवाला | १४ जून, दुपारी २:३०

कांदेपोहे, बरोबर केलंत. घोरणारं, तोंडाने श्वास घेणारं, झोपेत सारखे पाय झाडणारं मूल आधी डॉक्टरांना दाखवायचं. शिकवणं नंतर.

पुनव | २० जून, रात्री १:१५

वरचे दोन दात आणि ताप. सगळं मुसळ केरात. तीन रात्री कडेवर. झोळी माळ्यावरच आहे, पण मी दोनदा स्टूल घेतलं होतं, खोटं कशाला बोलू.

ओसरी | २० जून, दुपारी ३:०५

आजारपणात उचलायचंच. ताप उतरला की पहिल्या दिवशीचा क्रम जसाच्या तसा. बहुतेकदा पहिल्याइतका वेळ लागत नाही.

पुनव | २६ जून, रात्री १०:२०

लागला नाही. दोन दिवस, २५ मिनिटं आणि १० मिनिटं. काल ८:१० ला गादीवर टेकवला, त्याने शिवण खरवडली आणि झोपला. रात्री एकदा उठला, पहाटे एकदा.

साबा २३ ला आल्या. हुक रिकामा बघून काही बोलल्या नाहीत, पण संध्याकाळभर गप्प. मी आत्याबाईंची पोस्ट वाचून दाखवली. 'सांगलीच्या का त्या?' एवढंच. दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर भिंतीला टेकून पाय लांब करून बसलेल्या, पायांवर लेक, आणि पाय हलतायत. रात्री गादी, दुपारी आजीचे पाय. मला वाटलं सगळं बिघडणार. नाही बिघडलं, त्याला ती दोन वेगळी दुकानं आहेत हे बरोबर कळतं.

नऊवारी माळ्यावरून त्यांनीच काढलं. चार दुपटी बेतून झाली, पाचवं होतंय का बघतायत.

सरमिसळ | २७ जून, सकाळी ७:४०

सगळा धागा एका दमात वाचला. आमच्याकडे जुळी आहेत, नऊ महिन्यांची. एक झोपलं की दुसरं उठवतं. जुळ्यांवर कुणी हे केलंय का? एकत्र की वेगवेगळं?

चहाबाज | २७ जून, सकाळी ८:५५

माझा अनुभव एकाच मार्गावरचा. तुम्हाला एक स्लो आणि एक हार्बर सोडावी लागेल. न्यूजर्सीकरीणबाईंच्या धाकट्या बहिणीला जुळी आहेत ना? त्यांना बोलवा कुणीतरी.